रंग फासलेला चालतो

२५ मार्च १८३३. लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात ऑथेल्लो करता करता एडमंड कीन कोसळला, तो इयागो झालेल्या आपल्याच मुलाच्या, चार्ल्सच्या अंगावर. मे महिन्यात तो वारला. त्याची जागा १० एप्रिलला घेतली आयरा ऑल्ड्रिजने. वय पंचवीस, जन्म न्यूयॉर्कचा, वर्ण काळा.

जाहिरातीत मात्र तो ‘सेनेगलचा’ होता. न्यूयॉर्कच्या काळ्या माणसापेक्षा आफ्रिकेचा नट लोकांना अधिक अप्रूपाचा वाटेल, असा हा धंदेवाईक हिशेब.

देवलांच्या ‘झुंझारराव’मुळे ‘ऑथेल्लो’चं कथानक मराठी नाट्यरसिकांना परकं नाही. पण मूळ नाटकाचा पहिला प्रवेश मुद्दाम वाचावा. त्यात नायकाचं नावच कुणी घेत नाही. तो नुसता ‘मूर’, नाहीतर जाड ओठांचा. मध्यरात्री आरडाओरडा करून ब्राबान्शिओला उठवतात आणि त्याची मुलगी डेस्डिमोना कुणाबरोबर पळाली ते जनावरांच्या उपमा देत सांगतात. याच ब्राबान्शिओने ऑथेल्लोला कितीदा तरी घरी बोलावून त्याच्या लढायांच्या गोष्टी ऐकलेल्या असतात. पाहुणा म्हणून तो हवा, जावई म्हणून नको! पुढे ड्यूक त्याला नावाने हाक मारतो, पण तोवर तिसरा प्रवेश उजाडलेला असतो.

शेक्सपिअरने हा द्वेष पात्रांच्या तोंडी घातला. समीक्षकांनी तो आपला करून टाकला. व्हेनिसचं राज्य मूराला सेनापती करील, हेच १६९३ साली टॉमस रायमरला पटेना. घरंदाज मुलींनी काळ्याबरोबर पळून जाऊ नये, असा बोधही त्याने कुत्सितपणे काढला. कोलरिजसारख्या कवीलाही ऑथेल्लो खराखुरा आफ्रिकी असणं असह्य वाटलं. कीनने तर काळ्याऐवजी फिकट तपकिरी रंग लावायला सुरुवात केली होती आणि रसिकांना तो रुचलाही होता.

अशा वातावरणात ऑल्ड्रिज उभा राहिला, तोही एलन ट्री या गोऱ्या डेस्डिमोनासमोर. प्रेक्षकांनी टाळ्या दिल्या, पण काही पत्रांना पोटशूळ उठला. एका कुलीन दिसणाऱ्या नटीला काळ्या नोकराने हात लावावा, याचा ‘अथेनियम’ने सभ्यतेच्या नावाने निषेध केला. अभिनयाबद्दल काही बोलायचं तर बोलावं. इथे हरकत स्पर्शालाच होती. दोन प्रयोगांत तो मुक्काम आटोपला. साम्राज्यातल्या गुलामगिरीच्या निर्मूलनाचा कायदा संसदेने संमत केला, तो याच वर्षी, ऑगस्टमध्ये.

ऑल्ड्रिजने मग गावोगावची नाट्यगृहं पालथी घातली आणि १८५२ पासून युरोपचे दौरे केले. १८५८ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये त्याला डोक्यावर घेतलं गेलं. युक्रेनी कवी तारास शेव्चेन्को त्याचा जिवलग झाला, त्याने ऑल्ड्रिजचं चित्रही काढलं. लिअर करताना ऑल्ड्रिज चेहऱ्याला गोरा रंग लावायचा. १८६७ साली पोलंडमधल्या वूच शहरी दौऱ्यावर असतानाच तो गेला. महादेवशास्त्री कोल्हटकरांचा मराठी ‘ऑथेल्लो’ छापून आला, तोही त्याच वर्षी.

पुढे १९३० साली लंडनमध्ये आणि १९४३ साली ब्रॉडवेवर पॉल रोबसन या कृष्णवर्णीय नटाने ही भूमिका केली. ब्रॉडवेवर २९६ प्रयोग झाले. तरी १९६४ साली लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये लॉरेन्स ऑलिव्हिए अंगभर काळा रंग फासून ऑथेल्लो झाला आणि त्याची वाहवा झाली. या संस्थेत डेव्हिड हेअरवुड हा पहिला कृष्णवर्णीय ऑथेल्लो आला तो १९९७ साली.