आपला बोधिवृक्ष कोठून आला?

स्मरणिका काढायची म्हटली की विहाराचा इतिहास आलाच, आणि औरंगपुऱ्यातील आपल्या विहाराचा इतिहास सांगायचा तर अंगणातल्या पिंपळापासूनच सुरुवात करावी लागते. पक्की इमारत नंतर झाली. आधी होते पत्र्याचे शेड आणि हे झाड. म्हणून यंदाच्या वर्धापन दिनाच्या अंकात बोधिवृक्षाची हकीकत द्यावी, असे समितीच्या बैठकीत ठरले. काम सोपे वाटले म्हणून आम्ही हौसेने अंगावर घेतले. ते सोपे निघाले नाही.

लहानपणापासून आम्ही ऐकत आलो ते असे: १४ ऑक्टोबर १९५६ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली, त्या सोहळ्याला आपल्या वस्तीतून गेलेली मंडळी परत येताना दीक्षाभूमीवरच्या बोधिवृक्षाचे रोप डालड्याच्या डब्यात घालून घेऊन आली, आणि तेच हे झाड. दर बुद्ध जयंतीला कोणी ना कोणी हे सांगतोच. आम्ही स्वतः माईकवरून दोनदा सांगितले आहे.

लिहायला बसल्यावर तारखा पाहिल्या आणि हात थांबला. दीक्षाभूमीवरील बोधिवृक्ष लावला गेला तो १२ मे १९६८ रोजी, वैशाख पौर्णिमेला. भदन्त आनंद कौसल्यायन यांनी श्रीलंकेतील अनुराधपूरच्या बोधिवृक्षाच्या तीन फांद्या आणून तो लावला. म्हणजे १९५६ साली ते झाड तेथे नव्हतेच. जे झाड नव्हते त्याचे रोप आपल्या वाडवडिलांनी आणले कसे? कोणी खोटे बोलले असे आम्हाला म्हणायचे नाही. सांगता सांगता दोन आठवणी एकीत मिसळतात, एवढेच.

मग वस्तीतल्या जुन्या माणसांना विचारीत निघालो. पुरुष मंडळी १९५६ वरून हलायला तयार नव्हती. शेवटी एका आजीने सांगितले. त्यांचे म्हणणे जसेच्या तसे देतो: "आरं बाबांनो, नागपूरहून रोपटं आलं ते दुष्काळाच्या आदल्या साली. बहात्तरच्या उन्हाळ्यात प्यायला पानी नव्हतं, झाडाला कोन घालतं? वाळून गेलं. मंग पाऊस पडल्यावर म्या हिरीच्या भितीतून एक पिपळ उपटला अन् त्याच खड्ड्यात लावला. कोनाला सांगू? समदे म्हनले, पालवी फुटली, पालवी फुटली. म्या म्हनलं, फुटू द्या."

पन्नास वर्षे हे गुपित त्या बाईंनी सांभाळले, आणि आम्ही स्मरणिकेच्या नादात ते फोडले.

पुढच्या बैठकीत व्हायचा तो गोंधळ झाला. झाडाच्या मुळ्यांनी मागच्या भिंतीला तडा दिला आहे, हे सर्वांना ठाऊक होतेच. आता काही जण म्हणाले, हा बोधिवृक्षच नव्हे, साधा विहिरीतला पिंपळ, मग भिंत कशाला घालवायची? हा काढू, आणि बोधगयेहून किंवा नागपूरहून अस्सल फांदी आणून लावू. दुसऱ्या बाजूचे लोक चिडले. सही-शिक्का असल्याशिवाय झाडाला वंदना करायची नाही काय, असे कोणी तरी विचारले. निर्णय पुढे ढकलला आणि आम्हाला सांगण्यात आले की अस्सल म्हणजे काय ते शोधून लिहा. हा लेख त्यासाठी.

बोधगयेचे मूळ झाडच घ्या. महावंस या पाली ग्रंथात सांगितले आहे की सम्राट अशोकाची राणी तिस्सरक्खा हिने मत्सरापोटी विषारी काट्याने तो वृक्ष मारला. सातव्या शतकात ह्युएन त्संग आला, त्याने दुसरी कथा लिहून ठेवली: शशांक राजाने झाड तोडले, मुळे खणली, आग लावली आणि वर उसाचा रस ओतला. पुढे मगधाच्या पूर्णवर्म्याने हजार गाईंचे दूध घालून ते पुन्हा उभे केले. दुधाची गोष्ट राहू द्या, पण तोडल्यावर बुंध्यातून पुन्हा धुमारे फोडणे हा पिंपळाचा स्वभावच आहे. अलीकडचे मात्र नक्की माहीत आहे. अलेक्झांडर कनिंगहॅमने १८६२ साली ते झाड पाहिले तेव्हा ते बरेचसे कुजलेले होते. पश्चिमेकडचा एक खोड-फांद्यांचा भाग तेवढा हिरवा. १८७६ च्या वादळात तेही कोसळले. पण बी आधीच गोळा करून ठेवलेले होते आणि रोपे तयार होती. त्यांतूनच आजचा बोधगयेचा वृक्ष उभा राहिला. ज्याला आपण अस्सल म्हणून जातो, तो १८८१ च्या सुमारास लावलेला, म्हणजे दीडशे वर्षांच्याही आतला आहे.

आता अनुराधपूर. देवानंपिय तिस्स राजाच्या घरातील अनुला देवीला आणि तिच्या सोबतच्या स्त्रियांना प्रव्रज्या हवी होती. ती देण्यास भिक्षुणी पाहिजे, म्हणून अशोकाची कन्या संघमित्रा इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सिंहलद्वीपाला गेली, आणि बोधिवृक्षाची उजवीकडची फांदी घेऊन गेली. भिक्षुणी संघ आणि बोधिवृक्ष एकाच जहाजातून उतरले, हे आपल्या महिला मंडळाने जरूर लक्षात ठेवावे.

महावंसात ती फांदी कशी काढली त्याचे वर्णन आहे. अशोकाने फांदीवर तांबड्या रंगाची रेघ ओढली, फांदी तेथून आपोआप सुटली, सुगंधी मातीने भरलेल्या सोन्याच्या पात्रात उभी राहिली आणि रेघांच्या जागी मुळ्या फुटल्या. आमच्यापैकी एक जण रोपवाटिकेत कामाला होते. ते हे वाचून म्हणाले, "ही तर गुटी!" गुटी कलम असेच बांधतात. अंगठ्याएवढ्या जाड फांदीची बोटभर रुंदीची साल गोल काढायची, चीक वाळू द्यायचा, ओले शेवाळ गुंडाळून वरून प्लॅस्टिक घट्ट बांधायचे. पाणी लाकडातून वर चढत राहते म्हणून फांदी जिवंत राहते. पानांनी तयार केलेले अन्न सालीतून खाली उतरते, ते कापाशी अडते, आणि तेथेच मुळ्या फुटतात. मुळ्या दिसल्या की खालून कापून कुंडीत लावायची. अशोकाच्या माळ्यांनी हेच केले असे आम्ही छातीठोक सांगत नाही, पण चमत्कार बाजूला केला तर वर्णन ओळखीचे वाटते खरे.

पुढचा मजकूर जास्त महत्त्वाचा. अनुराधपूरला झाड लागल्यावर लगेच त्याच्या फळातून आठ रोपे निघाली आणि ती जंबुकोळ बंदर, तिवक्क ब्राह्मणाचे गाव, कतरगाम अशा आठ ठिकाणी लावली, असे महावंस सांगतो. नंतर आणखी बत्तीस रोपे योजनायोजनावर लावली. एकाच झाडाला कुंपण घालून कोणी बसले नाही! १९३१ च्या नोव्हेंबरात सारनाथला अनागारिक धर्मपालांचे मूलगंधकुटी विहार उघडले तेव्हा अनुराधपूरचेच रोप तिकडे परत आले, आणि १९६८ ला नागपूरला. भारतात झाड अनेकदा मेले, पण त्याचा अंश परदेशी होता म्हणून घरी येऊ शकला.

आणखी एक हिशेब आहे. फांदी किंवा गुटी म्हणजे त्याच झाडाचे शरीर. बी म्हणजे त्याचे लेकरू, आणि त्यात बापाचाही वाटा. पिंपळाची फुले फळाच्या आत असतात. चिलटाएवढी एक माशी, गांधीलमाशीच्या कुळातली, बारीक छिद्रातून आत शिरते आणि दुसऱ्या कुठल्या तरी पिंपळाचे पराग आणते. तो पिंपळ कुठला, कोणास ठाऊक. या हिशेबाने नागपूरचे झाड, परंपरा खरी धरली तर, तथागतांच्या झाडाचे शरीर ठरते, आणि खुद्द बोधगयेचे ठरते लेकरू, बाप अज्ञात. कोणाला अस्सल म्हणायचे?

हे बोलत बसलो होतो आणि आमच्या लक्षात आले की माणसाची जात जन्मावरून विचारू नये हे ज्यांनी शिकवले, त्यांच्या फोटोखाली बसून आम्ही झाडाची जात विचारीत आहोत. थोडा वेळ कोणी बोलले नाही.

या प्रश्नाला उत्तर शोधायला आपल्याला लांब जावे लागत नाही. आपल्याच शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, बाबासाहेबांनी १९५० साली महाविद्यालय सुरू केले. पुढे त्याला मिलिंद हे नाव मिळाले आणि परिसराला नागसेनवन. ती नावे ज्या मिलिंदपञ्हातून आली, त्यात राजा मिलिंद भन्ते नागसेनांना हेच विचारतो की पुन्हा जन्मणारा तोच असतो की दुसरा. नागसेन दोन्ही नाकारतात, आणि समजावताना आंब्याचे उदाहरण देतात. एकाने दुसऱ्याचे आंबे चोरले, आणि म्हणाला, याने लावली ती कोय, मी नेले ते हे आंबे नव्हेतच. राजा त्याला सोडील काय? सोडणार नाही, कारण हे आंबे त्या कोयीमुळेच झाले. आंबा तोच नाही, पण परकाही नाही. आमच्यातले दोघे मिलिंदचे विद्यार्थी. रोज त्या नावाच्या पाटीखालून गेलो, आणि आंब्याची गोष्ट आता कळली.

अजिंठाही आपल्यापासून शंभर किलोमीटरवर. दहाव्या लेण्याच्या डाव्या भिंतीवर एक राजा परिवारासह बोधिवृक्षाची पूजा करतो आहे. चित्र इसवी सनापूर्वीचे, बुद्धाची मूर्ती घडवण्याआधीचे. बाविसाव्या लेण्यात सात मानुषी बुद्ध आणि मैत्रेय आपापल्या बोधिवृक्षाखाली बसले आहेत, खाली बुद्धाचे आणि झाडाचेही नाव लिहिले आहे. पाली परंपरेप्रमाणे विपस्सीचा पाटली, ककुसंधाचा शिरीष, कोणागमनाचा उंबर, कस्सपाचा वड, आणि आपल्या गोतमाचा अश्वत्थ. ज्या झाडाखाली ज्ञान झाले ते बोधिवृक्ष. फळभाजीची जात तपासावी तशी ती कोणी तपासली नाही.

विहिरीच्या पिंपळाचाही शोध घेतला. पिंपळाचे बी खसखशीपेक्षा मोठे नसते. मैना, बुलबुल, हरियाल फळे खातात आणि बी भिंतीच्या फटीत टाकून जातात. बी मातीत खोल पुरले तर उगवत नाही, त्याला उजेड लागतो. म्हणून आपल्या जुन्या तटाच्या विटा-चुन्यात ते सुखाने वाढते. भिंतीतले रोप काढायचे तर हातभर व्हायच्या आत, पावसाळ्यात, दोन विटा ढिल्या करून मुळीसकट. आजीने पन्नास वर्षांपूर्वी नेमके तेच केले होते, कोणी न शिकवता.

आम्हीही करून पाहिले. पहिल्या वर्षी मेमध्ये बारा फांद्या छाटून पिशव्यांत लावल्या. वडाची काठी कशीही खोचली तरी फुटते, पिंपळ तसा ऐकत नाही. दहा काळ्या पडल्या, दोन जगल्या. पुढच्या जुलैत सहा गुट्या बांधल्या. एक माकडाने सोडली, एकीत मुंग्या झाल्या, चार लागल्या. बी सर्वांत स्वस्त पडले: जांभळी पिकलेली फळे चुरडून धुतली, चाळलेल्या मातीत विटांचा चुरा मिसळून वरच्यावर पसरली, परातीवर काच ठेवली. केसासारखी रोपे आली, ती चार पानांवर वेगळी केली. निम्मी गेली, तरी चाळीस राहिली.

बैठकीत शेवटी ठरले ते असे. झाड तोडायचे नाही, मागची भिंत चार फूट आत घेऊन बांधायची. नागपूरची फांदी मिळाली तर आनंदाने आणायची, पण या झाडाच्या जागी नव्हे, दुसरीकडे. पाटीवर १९५६ लिहिले आहे ते खोडून १९७२ करायचे आणि आजीचा उल्लेख करायचा. यावर आजी म्हणाल्या, "माझं नाव नको, हिरीचं लिवा."

गुटीची चार आणि बियांची चाळीस रोपे विहाराच्या पडवीत ठेवली आहेत. खेड्यापाड्यांतील विहारांना ती विनामूल्य द्यायची आहेत. घराच्या, विहिरीच्या आणि पाइपलाइनच्या जवळ लावू नयेत, निदान तीस-चाळीस फूट सोडावेत, हा आमच्या भिंतीचा अनुभव. पहिले दोन उन्हाळे पाणी कोण घालणार त्याचे नाव नोंदवहीत लिहिल्याशिवाय रोप मिळणार नाही. डबा घरून आणावा.