चित्रपट न पाहताच तयार झालं संगीत! काय आहे 'सॉर्सरर' अल्बमची गोष्ट?

साधारणपणे आधी शूटिंग होतं, मग एडिटिंग आणि शेवटी संगीतकार पडदा बघत पार्श्वसंगीत देतो. १९७७ मधल्या 'सॉर्सरर' या हॉलिवूडपटाच्या बाबतीत मात्र उलटं घडलं. टँजरिन ड्रीम या जर्मन बँडने एकही दृश्य न पाहता, फक्त पटकथेच्या आधारे संगीत तयार केलं आणि दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन यांनी ते ऐकत चित्रपट एडिट केला.

कोण आहे टँजरिन ड्रीम?

एडगर फ्रोसे यांनी १९६७ मध्ये बर्लिनमध्ये हा बँड सुरू केला. 'सॉर्सरर'च्या वेळी त्यांच्यासोबत ख्रिस्टोफर फ्रँके आणि पीटर बाऊमन होते. 'द एक्झॉर्सिस्ट'मुळे जगभर गाजलेल्या फ्रीडकिन यांनी त्यांना पहिल्यांदा ऐकलं ते जर्मनीतल्या एका पडीक चर्चमधल्या कार्यक्रमात, असं ते सांगत. बँडचं हॉलिवूडसाठी हे पहिलंच काम होतं.

चित्रपट कशावर आहे?

नावाचा अर्थ 'जादूगार', पण चित्रपटात जादूटोणा नाही. ते एका ट्रकचं नाव आहे. लॅटिन अमेरिकेतल्या एका गरीब गावात लपलेले चार जण जुना, गळका डायनामाइट ट्रकमधून जंगलापार नेतात. तेलविहिरीला लागलेली आग विझवण्यासाठी तो हवा असतो. एक मोठा धक्का बसला, तर सगळंच संपणार.

संगीतात वेगळं काय?

इथे सगळा जोर सिंथेसायझरवर आणि सीक्वेन्सरवर आहे. सीक्वेन्सर म्हणजे ठरवून दिलेले स्वर त्याच क्रमाने पुन्हा पुन्हा वाजवणारं यंत्र. वाजवणारा हळूहळू त्याचा पोत आणि पट्टी बदलत राहतो. ठेका थांबत नाही, त्यामुळे ऐकणाऱ्यालाही सुटका मिळत नाही. चालू इंजिनसारखी ही धडधड ट्रकच्या प्रवासाला चपखल बसते. 'बिट्रेयल' ही मुख्य धून ऐकली की हे लगेच कळतं.

मग चित्रपट का पडला?

'सॉर्सरर' जून १९७७ मध्ये आला. त्याच्या महिनाभर आधीच 'स्टार वॉर्स' प्रदर्शित झाला होता आणि प्रेक्षक तिकडे वळले होते. नावामुळेही गोंधळ झाला. 'एक्झॉर्सिस्ट'च्या दिग्दर्शकाकडून अनेकांना भुताखेतांची अपेक्षा होती. मोठ्या खर्चाचा हा चित्रपट तिकीटबारीवर आपटला.

संगीत मात्र टिकलं

चित्रपट पडला, तरी बँडला हॉलिवूडची दारं उघडली. पुढे 'थीफ' (१९८१) आणि 'रिस्की बिझनेस' (१९८३) या चित्रपटांना त्यांनी संगीत दिलं. २०१६ मध्ये आलेल्या 'स्ट्रेंजर थिंग्ज'चं सिंथेसायझर संगीत याच वळणाचं आहे. त्या मालिकेत टँजरिन ड्रीमच्या काही जुन्या रचनाही वापरल्या आहेत.

चित्रपटाचंही नंतर नशीब पालटलं. २०१३ मध्ये व्हेनिस चित्रपट महोत्सवात त्याची नव्याने जतन केलेली प्रत दाखवली गेली आणि आज अनेक समीक्षक त्याला फ्रीडकिन यांच्या उत्तम कामांत गणतात. अल्बम ऐकणार असाल, तर फ्रीडकिन यांनी ऐकला तसाच ऐका. आधी संगीत, मग चित्रपट.