डेल्फ्टचे अध्यासन

हॉलंडमधील डेल्फ्ट हे लहानसे शहर निळ्या नक्षीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. सतराव्या शतकात याच शहरी कापडाचा व्यापार करणाऱ्या लेवेनहुक यांनी स्वतः घासलेल्या भिंगांतून पाण्याच्या थेंबातील जीवसृष्टी प्रथम पाहिली. त्यानंतर सुमारे दोन शतकांनी या शहरापुढे एक निराळाच प्रश्न उभा राहिला. जे शास्त्र अद्याप पुरते आकाराला आलेले नाही, ज्याची पदवी कोणतेही विद्यापीठ देत नाही, त्याचा प्राध्यापक आणावयाचा कोठून? नव्या विषयाचा विभाग काढू पाहणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाला आजही हा प्रश्न सोडवावा लागतो. म्हणूनच डेल्फ्टने केलेल्या नेमणुकांचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चरणात सूक्ष्म जीवांचे शास्त्र म्हणजे प्रामुख्याने रोगजंतूंचे शास्त्र, अशी समजूत होती. बर्लिनमध्ये कॉख आणि पॅरिसमध्ये पाश्चर यांच्या नावाचा दबदबा होता. परंतु शेतातील माती, कालव्यातील गाळ, साचलेले पाणी यांत अहोरात्र राबणाऱ्या असंख्य जीवांची दखल घेणारे अध्यासन जवळजवळ कोठेच नव्हते. या अभ्यासाला आज आपण पर्यावरणीय सूक्ष्मजीवशास्त्र म्हणतो. त्याचा एक मोठा प्रवाह उगम पावला तो विद्यापीठात नव्हे, तर डेल्फ्ट येथील यीस्ट आणि मद्यार्काच्या कारखान्यात.

या कारखान्याचे चालक व्हान मार्केन हे दूरदृष्टीचे गृहस्थ होते. आपल्या धंद्याला शास्त्राचा आधार हवा हे ओळखून त्यांनी 1884 मध्ये मार्टिनुस बायेरिंक या तेहतीस वर्षांच्या शिक्षकाला पाचारण केले. बायेरिंक हे वाखेनिंगेनच्या कृषिशाळेत वनस्पतिशास्त्र शिकवीत. झाडांवर कीटकांमुळे येणाऱ्या गाठी हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. यीस्टचा अनुभव त्यांना नव्हता. मात्र त्यांच्या निरीक्षणशक्तीची कीर्ती झालेली होती आणि त्याच वर्षी ते डच विज्ञान अकादमीचे सभासद झाले होते. 1885 मध्ये ते कारखान्यात रुजू झाले. तेथील प्रयोगशाळेत त्यांनी 1888 मध्ये द्विदल वनस्पतींच्या मुळांवरील गाठींतून हवेतील नत्र बांधून ठेवणारे जीवाणू वेगळे केले. कारखान्याच्या नफ्याशी या शोधाचा काडीइतकाही संबंध नव्हता. तरीही व्हान मार्केन यांनी त्यांचा हात अडविला नाही. आज महाराष्ट्रातील शेतकरी तुरीच्या किंवा हरभऱ्याच्या बियाण्याला पेरणीपूर्वी रायझोबियमचे जीवाणू-संवर्धन चोळतो, त्याची पूर्वपीठिका ही आहे.

पुढे 1895 मध्ये डेल्फ्टच्या तंत्रशाळेत बायेरिंक यांची प्राध्यापकपदी नेमणूक झाली आणि त्यांच्यासाठी नवी प्रयोगशाळा बांधण्यात आली. विषय आधी ठरला, जाहिरात निघाली आणि मग माणूस शोधला, असा हा क्रम नव्हता. माणूस समोर होता. त्याच्या कार्याभोवती अध्यासन उभे राहिले. या प्रयोगशाळेत त्यांनी जी पद्धत रूढ केली ती मोठी मार्मिक आहे. नत्राचा अंशही नसलेल्या साखरेसारख्या द्रावणात चिमूटभर बागेतील माती टाकून ठेवावी. जे जीव हवेतील नत्रावर जगू शकतात तेवढेच त्यात वाढतात, बाकीचे उपाशी राहतात. परिस्थिती अशी रचावयाची की हवा तो जीव आपण होऊन पुढे यावा. या मार्गाने 1901 मध्ये त्यांनी ॲझोटोबॅक्टर हा मातीतील जीवाणू प्रकाशात आणला. गाळातील गंधकाच्या क्षारांपासून दुर्गंधी वायू निर्माण करणारा जीवाणूही त्यांनीच 1895 मध्ये हुडकून काढला होता.

परंतु या नेमणुकीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बायेरिंक एकलकोंडे आणि फटकळ होते. ते अविवाहित राहिले, आणि आपल्या साहाय्यकांनीही संसाराच्या फंदात पडू नये अशी त्यांची धारणा होती. विद्यार्थ्यांना त्यांचा धाक वाटे, आपुलकी क्वचितच. सव्वीस वर्षे त्यांनी अध्यासन भूषविले, पण शिष्यपरंपरा म्हणावी तशी उभी राहिली नाही. सत्तरी गाठून 1921 मध्ये ते निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या शास्त्राला वारस शोधणे सोपे नव्हते.

निवड झाली ती आल्बर्ट क्लॉयव्हर यांची. तेही तेव्हा तेहतीस वर्षांचेच होते. डेल्फ्टमध्येच रसायन-अभियांत्रिकी शिकलेला हा तरुण डच ईस्ट इंडीजमध्ये सरकारचा औद्योगिक सल्लागार म्हणून काम करून आलेला होता. काथ्याच्या धंद्याची पाहणी करण्यासाठी तो सिलोन आणि आपल्या मलबार किनाऱ्यावरही हिंडला होता. सूक्ष्मजीवशास्त्रावर त्याच्या नावे फारसे लेखन नव्हते. कागदावर पाहता ही निवड धाडसाचीच म्हणावी लागेल. पण निवड करणाऱ्यांना हा जुना विद्यार्थी प्रत्यक्ष परिचयाचा होता.

क्लॉयव्हर यांनी गुरूपेक्षा निराळा संसार मांडला. विद्यार्थ्यांचे ऐकून घेणे, त्यांना मोकळीक देणे, त्यांच्या यशात मागे उभे राहणे, हे त्यांच्या स्वभावातच होते. जीवसृष्टीत वरवर कितीही वैचित्र्य दिसले तरी तिच्या रासायनिक व्यवहारांत एक मूलभूत ऐक्य आहे, हा विचार त्यांनी 1926 मध्ये मांडला. 1953 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ले पदक दिले. त्यांचे शिष्य व्हान नील 1928 च्या अखेरीस कॅलिफोर्नियाला, स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या समुद्रकाठच्या संशोधन केंद्रात गेले. जांभळ्या जीवाणूंच्या अभ्यासावरून, हिरव्या वनस्पती सोडतात तो प्राणवायू पाण्यातून येतो, हे अनुमान त्यांनी तेथेच मांडले. तेथे 1930 पासून 1962 पर्यंत त्यांनी चालविलेल्या वर्गातून सूक्ष्मजीवशास्त्राची एक अख्खी पिढी घडली. डेल्फ्टची पद्धत अशी महासागर ओलांडून गेली.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढू नये की पात्रतेची अट निरर्थक आहे. यांतील प्रत्येकाचे मूळ शिक्षण पक्के होते. मात्र पात्रतेचा पुरावा केवळ प्रमाणपत्रांत शोधला गेला असता, तर बायेरिंक शाळेतच राहिले असते आणि क्लॉयव्हर तेलाच्या घाण्यांत. निवड करणाऱ्यांनी माणूस पारखला आणि पारखल्यावर त्याला जागा, साधने व उसंत दिली. यांपैकी उसंत देणे सर्वांत अवघड असते, कारण तिचा हिशेब वर्षाच्या अखेरीस मागता येत नाही. व्हान मार्केन यांनी तो मागितला नाही. शोध लावणारा आणि शिष्य घडविणारा हे दोन्ही गुण एकाच व्यक्तीत सापडतीलच असे नाही, हेही डेल्फ्टने दाखविले. एका नेमणुकीने जे राहून गेले, ते पुढच्या नेमणुकीने भरून काढता येते. मात्र त्यासाठी पहिल्याची प्रतिकृती शोधण्याचा मोह निवड समितीला आवरावा लागतो.