प्रादेशिक बधिरीकरण

रुग्णाची शुद्ध न हरपता, एखाद्या अवयवाकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या निकट औषध टोचून तेवढ्याच प्रदेशाची संवेदना काही काळ नाहीशी करण्याची पद्धती. लोकव्यवहारात तिला ‘तेवढ्यापुरती भूल’ व पाठीतून दिल्यास ‘कमरेतली भूल’ म्हणतात. व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी १८८४ मध्ये डोळ्यासाठी कोकेन वापरले व जर्मनीत आउगुस्ट बीअर यांनी १८९८ मध्ये ते मेरुरज्जूभोवतीच्या द्रवात टोचले. पुढे कोकेनची जागा लिग्नोकेन, बुपिव्हाकेन या औषधांनी घेतली. ही औषधे मज्जातंतूच्या पटलातील सोडियमचे मार्ग रोधतात, त्यामुळे वेदनेचा संदेश मेंदूपर्यंत पोहोचत नाही.

पिंपरी, भोसरी, चाकण या पट्ट्यात, जेथे मोटारींचे सुटे भाग पॉवर प्रेसखाली घडतात, तेथे या विद्येची खरी कसोटी चेंगरलेल्या हातावर लागते. पाळीत डबा खाऊन यंत्रापाशी उभा राहिलेला कामगार दाखल होतो तेव्हा त्याचे पोट भरलेले असते, आणि पूर्ण भुलीत अन्न उलटून फुप्फुसात जाण्याचे भय असते. म्हणून बाहूकडे जाणारे मज्जातंतूंचे जाळे जत्रुकामागे (गळ्याखालच्या आडव्या हाडामागे) बधिर करणे हितकर ठरते. परंतु सुईचा परिणाम अपुरा पडला वा औषध रक्तात शिरून झटके आले तर पूर्ण भूल द्यावी लागते. म्हणून प्राणवायू, शोषकयंत्र, श्वासनलिकेची सामग्री व शिरेतील सलाईन यांची सिद्धता आधीच असली पाहिजे. ही भूल ‘हलकी’ आहे, हा समज घातक आहे.

सुईपूर्वीची सर्वांत महत्त्वाची, आणि घाईत सर्वांत आधी वगळली जाणारी गोष्ट म्हणजे हाताची तपासणी. प्रत्येक बोटाच्या टोकाला स्पर्श कळतो का, अंगठा करंगळीला लागतो का, नखाखालचा रंग दाबून सोडल्यावर परततो का, हे पाहून त्याची नोंद केसपेपरवर वेळेसह करावी. कारण हात बधिर झाल्यावर मज्जातंतू प्रेसने तुटला की सुईने दुखावला, हे कोणालाही सांगता येत नाही. कामगार राज्य विमा योजनेखाली अपंगत्वाचा विचार होतो तेव्हाही हा कागद त्या माणसाच्या कामी येतो. संमती त्याला समजेल अशा भाषेत घ्यावी. या पट्ट्यात ती भाषा पुष्कळदा मराठी नसते.

मात्रा वजनावरून ठरते. लिग्नोकेन ॲड्रेनॅलिनसह प्रतिकिलो ७ मिलिग्रॅम या मर्यादेने ५० किलोच्या माणसास ३५० मिलिग्रॅम, म्हणजे दोन टक्के द्रावणाचे साडेसतरा मिलिलिटर; दोन औषधे एकत्र वापरल्यास त्यांचे विषत्व बेरजेने मोजावे. बाजूची खातरजमा सुई टोचण्याच्या क्षणी पुन्हा करावी, पिचकारी मागे ओढून रक्त येत नाही हे पाहावे, आणि औषध एकदम न ढकलता तीन ते पाच मिलिलिटरच्या टप्प्यांनी सोडावे. या काळात रुग्णाशी बोलत राहावे : ओठांभोवती मुंग्या, कानात गुंजन, तोंडात धातूची चव, ही रक्तात औषध शिरल्याची पहिली वर्दी होय. पाठोपाठ झटके व हृदयगतीचा बिघाड संभवतो. तेव्हा टोचणे थांबवून प्राणवायू द्यावा, झटके आवरावेत व वीस टक्के मेद-द्रावण प्रतिकिलो दीड मिलिलिटर शिरेतून द्यावे. जत्रुकामागे फुप्फुसाचे आवरण अगदी जवळ असल्याने श्राव्यातीत ध्वनियंत्राच्या (सोनोग्राफीच्या) पडद्यावर सुईचे टोक सतत दिसले पाहिजे. ते यंत्र मज्जातंतूंसाठी असले तरी लिंगनिवड प्रतिबंधाच्या १९९४ च्या अधिनियमाखाली त्याची नोंदणी आवश्यक असते.

शस्त्रक्रियेनंतर कित्येक तास तो हात परक्याचा असल्यासारखा पडून राहतो; झोळीत बांधून उष्णता व दाब यांपासून जपावा लागतो. चेंगरलेल्या हातात स्नायुकोशांतील दाब वाढल्यास त्याची सूचना देणारी वेदनाच दडपलेली असते, म्हणून अशी शंका असल्यास बधिरीकरणाचा निर्णय शल्यविशारदाशी विचारविनिमय करून घ्यावा, आणि नंतर बोटांची सूज, ताण व रंग दर तासाला पाहावे. संवेदना परतल्यावर तीच बोटे, त्याच क्रमाने, पहिल्या नोंदीशी ताडून पाहावीत.