तळटीप : कडेवरचे चित्र
* पुस्तक मिटलेले असताना फक्त सोनेरी कड दिसते. पाने किंचित तिरपी सरकवली की तिच्याखालचा देखावा उमटतो. १८व्या शतकात इंग्लंडमधील हॅलिफॅक्सच्या एडवर्ड्स घराण्याने हा प्रकार गाजवला. चित्रकार तिशियनचा नातलग चेझारे वेचेल्लिओ याने १६व्या शतकात इटलीतील पिल्लोने कुटुंबाच्या ग्रंथांच्या कडा रंगवल्या होत्या, पण त्या उघड दिसणाऱ्या. घरी करायचे तर पाने तिरपी करून दोन फळ्यांमध्ये घट्ट आवळावीत आणि जलरंग जवळजवळ कोरड्या कुंचल्याने लावावा. पाणी जास्त झाले की रंग आत झिरपतो, कागद फुगतो. रंग वाळल्यावर पाने सरळ करून सोन्याचा वर्ख चढवतात; ते मात्र मुरलेल्या बांधणीकाराचे काम, हौशी माणसाने त्या वाटेला न गेलेले बरे. आणि दुर्मीळ प्रतीवर हात साफ करणे म्हणजे निव्वळ अत्याचार! — संपा.