सायकलच्या चड्डीतली गादी

पॅडेड शॉर्ट्स घ्यायला दुकानात गेलेली बाई बहुतेक वेळा एकच परीक्षा घेते. चड्डी उलटी करायची आणि आतली गादी अंगठ्यानं दाबून बघायची. जी जास्त दबते ती मऊ, म्हणून ती चांगली. दुकानदारही मान डोलावतो. गंमत अशी, की या गादीच्या मूळपुरुषात गादी नव्हतीच.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपातले शर्यतवाले काळ्या लोकरीची चड्डी घालत. सीटच्या चामड्याचे आणि चेनच्या ग्रीसचे डाग दिसू नयेत, म्हणून काळी. लोकर घाम शोषते आणि ओली असतानाही ऊब धरते, पण जांघेत जिथे सगळ्या शिवणी एकत्र येतात तिथे गाठ होते. पाच-सहा तास पाय फिरत राहिले की ती गाठ कातडी सोलून काढते. उपाय साधा होता: आतून पातळ चामड्याचा तुकडा लावायचा, म्हणजे शिवण झाकली जाईल आणि कातडीला गुळगुळीत पृष्ठभाग मिळेल. आल्प्सच्या कडेकपारीत राहणाऱ्या शॅमॉय या शेळीसारख्या प्राण्याचं कातडं माशाच्या तेलात कमावलं की फार मऊ होतं. पुढे त्याची जागा मेंढीच्या कातड्यानं घेतली. आज सायकलवाले ज्या गादीला ‘शॅमी’ म्हणतात, तिच्यात कातड्याचा कणही नसतो.

घामानं भिजलेलं, धुऊन वाळवलेलं चामडं मात्र पापडासारखं कडक होई. ते मऊ करायला त्यावर मलम चोळावं लागे. दुकानात आज मिळणाऱ्या शॅमी क्रीमचा जन्म तिथला.

या साऱ्या हकिकतीत बाई कुठेच नाही. तिच्या सायकलच्या कपड्यांचा इतिहास वेगळ्याच रस्त्यानं गेला. 1885 मध्ये दोन जवळजवळ सारख्या चाकांची रोव्हर सायकल आली, 1888 मध्ये डनलॉपनं हवेचा टायर आणला आणि 1890 च्या दशकात इंग्लंड-अमेरिकेतल्या बायका मोठ्या संख्येनं सायकलवर बसू लागल्या. लगेच वाद पेटला तो वरून दिसणाऱ्या कपड्यावर. झगा चाकात अडकतो, विजार घातली तर लोक खवळतात. अ‍ॅलिस बायग्रेव्ह या लंडनच्या शिवणकाम करणाऱ्या बाईनं 1895 मध्ये अशा झग्याचं पेटंट घेतलं, ज्याच्या शिवणींत दोऱ्या आणि कप्पी लपवलेली होती. सायकलवर बसताना घेर वर ओढायचा, उतरलं की खाली सोडायचा. बायकांच्या सुटसुटीत पोशाखासाठी झगडणाऱ्या लेडी हार्बर्टन 1898 मध्ये सायकलच्या विजारीत सरे परगण्यातल्या एका हॉटेलात गेल्या, तेव्हा त्यांना कॉफी-रूममध्ये बसू दिलं नाही. प्रकरण कोर्टात गेलं आणि त्यांच्या बाजूनं लढणारी सायकलवाल्यांची संघटना दावा हरली.

सीटबद्दल बोलले ते डॉक्टर, पण त्यांच्यातल्या अनेकांची काळजी भलतीच होती. बाईला खरचटेल, सूज येईल यापेक्षा सीटच्या टोकामुळे तिला नको ते सुख मिळेल, याची त्यांना धास्ती. त्या भीतीपोटी मधे पोकळी ठेवलेल्या, दोन भागांच्या ‘आरोग्यदायी’ सीटा बाजारात आल्या. कारण चुकीचं, पण भोक बरोबर जागी पडलं होतं! ती फॅशन पुढे ओसरली. बायकांसाठी सायकली बनवणाऱ्या अमेरिकेच्या जॉर्जिना टेरी यांनी 1990 च्या दशकात मधली पोकळी पुन्हा आणली, ती दुखण्यावर उपाय म्हणून.

आपल्याकडे पुण्यात पाचवारी साडीत ऑफिस-शाळा गाठणाऱ्या बायकांना या कशाची गरज भासली नाही, याला कारण आहे. लेडीज सायकलची सीट रुंद, खाली स्प्रिंगा आणि पाठ ताठ. वजन थेट बैठकीच्या दोन हाडांवर येतं. हॅण्डल खाली गेलं, अंग पुढे झुकलं, की ते हाडांवरून सरकून पुढच्या मऊ भागावर पडतं. दुखणं तिथून सुरू होतं.

1958 मध्ये ड्यूपॉन्ट कंपनीतल्या जोसेफ शिव्हर्स यांनी लायक्राचा ताणला जाणारा धागा सिद्ध केला. शोध चालू होता तो बायकांच्या पोट-कमर आवळणाऱ्या अंतर्वस्त्रातल्या रबराला पर्याय म्हणून. सायकलच्या चड्डीत मात्र तो धागा पुरुषांसाठी आधी आला. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात स्वित्झर्लंडच्या अ‍ॅसॉस आणि इटलीच्या कास्तेली या कंपन्यांनी लायक्राच्या चड्ड्या काढल्या. ताणणाऱ्या कापडावर न ताणणारं चामडं टिकेना. मग वर कृत्रिम कापड आणि खाली फोम आला. गादी खऱ्या अर्थानं गादी झाली ती इथे.

आणि फोमला आकार द्यावा लागतो, म्हणून कोणाच्या शरीराचा आकार हा प्रश्नही इथेच उभा राहिला. बायकांची जागतिक रोड-शर्यत 1958 मध्ये सुरू झाली, ऑलिम्पिकमध्ये ती पोचली 1984 मध्ये. गिऱ्हाईक मोजकं, त्यामुळे कंपन्यांनी बराच काळ पुरुषांचीच चड्डी लहान करून, कडेला गुलाबी पट्टी लावून विकली. बाईची बैठकीची हाडं साधारणपणे जास्त अंतरावर असतात. तिला गादी मागे रुंद आणि पुढे आखूड हवी, मधोमध शिवण तर अजिबात नको.

व्यावसायिक खेळाडूंचंही दुखणं किती काळ अंगावर काढलं गेलं, हे 2016 च्या रिओ ऑलिम्पिकच्या तयारीत दिसलं. ब्रिटिश सायकलिंगनं महिला संघासाठी घर्षणाचे अभ्यासक आणि स्त्रीरोगाचे जाणकार एकत्र बसवले. त्यांनी खेळाडूंना जांघेतले केस मुळापासून काढू नका असं सांगितलं, कारण ते कातडीचं रक्षण करतात. सीट जवळजवळ सपाटच हवी, हा सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा नियमही सैल झाला. आता सीटचं टोक 9 अंशांपर्यंत खाली झुकवता येतं.

हे सगळं ठाऊक असलं की खरेदी सोपी होते. जाड, लुसलुशीत फोम तासाभरात दबून गोळा होतो आणि घाम धरून ठेवतो. लांबच्या राइडला घट्ट, दाट फोम बरा. ट्रायल-रूममध्ये उभ्यानं निर्णय घेऊ नका. हॅण्डल धरल्यासारखं वाका आणि गादी हाडांखाली येते का ते बघा. उभं असताना ती लंगोटासारखी लोंबली तरी चालेल, पण मांडीवर कापड सैल नको. आत निकर घालायची नाही. जी शिवण झाकण्यासाठी चामडं आलं, तीच तुम्ही परत आत आणाल. रोज पाच-सात किलोमीटर ऑफिसला जाणाऱ्यांना सलवारीखाली घालायची पातळ पॅडेड अंतर्वस्त्रं पुरेत. खांद्यावर पट्टे असलेली बिब पोटाला काचत नाही, पण घाटात पेट्रोल पंपाच्या संडासात सगळे कपडे उतरवायची वेळ येते. मागून सुटणारी असेल तरच घ्या. पाळीत सॅनिटरी पॅडची कड घासते, तेव्हा मेन्स्ट्रुअल कप बरा पडतो.

सीटच चुकीची असेल तर कुठलीही शॉर्ट्स तिला सुधारू शकत नाही, म्हणून पैसे मोजकेच असतील तर आधी सीट बदला. शॉर्ट्स मात्र दोन घ्या, पावसाळ्यात धुतलेली रात्रीत वाळत नाही. आणि नवी शॉर्ट्स दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेच्या, म्हणजे ठरावीक वेळेत पुरी करायच्या लांब राइडच्या, दिवशी पहिल्यांदा घालू नका.