पराभूत पक्षाचे सेनापतित्व : आडोल्फ गालांड आणि जर्मन लढाऊ विमानदल (१९४१–१९४५)

प्रस्तावना :
आंतरजालावर दोन संघांनी परस्परांविरुद्ध लढावयाच्या हवाई युद्धाच्या खेळांची परंपरा १९८० च्या दशकाच्या अखेरीस केसमाय या अमेरिकन कंपनीच्या ‘एअर वॉरियर’पर्यंत मागे नेता येते. पुढे ‘वॉरबर्ड्स’ आणि ‘एसेस हाय’ या खेळांनी तिचा विस्तार केला. दुसऱ्या महायुद्धातील विमाने, त्यांचा वेग, दारूगोळा आणि इंधन यांचे तपशील त्यांत कसोशीने उतरविलेले असतात. इतिहासातील एखादी मोहीम पुन्हा लढविली जाते, तेव्हा कोणालातरी हरलेल्या पक्षाचे नेतृत्व स्वीकारावे लागते. हाताखालचे वैमानिक स्वेच्छेने आलेले असल्याने हुकूम चालविण्यापेक्षा मनधरणी करण्याचाच प्रसंग अशा सेनापतीवर अधिक येतो. मात्र सामान्य सामन्यात मारला गेलेला वैमानिक काही क्षणांत पुन्हा धावपट्टीवर हजर होतो. प्रत्यक्ष इतिहासात नेमकी हीच सोय नव्हती आणि पराभवाचे मूळ पुष्कळ अंशी तेथेच होते. प्रस्तुत निबंधात जर्मन लढाऊ विमानदलाचा प्रमुख आडोल्फ गालांड याच्या कारकिर्दीच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

अधिकाराविना नेतृत्व :
२२ नोव्हेंबर १९४१ रोजी वेर्नर मोल्डर्स विमान अपघातात ठार झाला आणि त्याच्या जागी गालांडची नेमणूक झाली. त्या वेळी तो २९ वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी त्यास मेजर जनरलच्या तोडीचा हुद्दा मिळाला. पद मोठे असले तरी त्याचे स्वरूप निरीक्षकाचे होते. प्रशिक्षण, साहित्य आणि डावपेच यांविषयी सल्ला देणे त्याच्याकडे असले, तरी तुकड्यांना लढाईत उतरविण्याचा अधिकार हवाई दलाच्या प्रादेशिक सेनापतींकडे होता. त्यांच्याही वर हेर्मान गोरिंग होता. पराभवाचे खापर फोडावयास गालांड सोयीचा होता. पराभव टाळण्यासाठी लागणारी सत्ता मात्र त्याच्या हाती नव्हती.

१९४३ च्या उत्तरार्धापर्यंत चित्र एकतर्फी नव्हते. १४ ऑक्टोबर १९४३ रोजी श्वाइनफुर्टवरील हल्ल्यासाठी निघालेल्या २९१ अमेरिकन बॉम्बफेकी विमानांपैकी ६० परतली नाहीत. इतकी हानी वारंवार सोसणे कोणत्याही दलास अशक्य होते. परंतु जानेवारी १९४४ मध्ये जेम्स डूलिटल याने आठव्या अमेरिकन हवाई दलाची सूत्रे हाती घेतली आणि संरक्षक लढाऊ विमानांना बॉम्बफेकी विमानांच्या भोवती घुटमळत न राहता शत्रूचा पाठलाग करण्याची मुभा दिली. लांब पल्ल्याची मस्टँग विमाने याच सुमारास वाढत्या संख्येने उपलब्ध झाली. उलट गोरिंगचा आग्रह असा की, जर्मन लढाऊ विमानांनी शत्रूच्या लढाऊ विमानांना टाळून केवळ बॉम्बफेकी विमानांवरच तुटून पडावे. पुढाकार शत्रूच्या हाती देणारी याहून घातक आज्ञा कल्पिणे कठीण आहे.

६ मार्च १९४४ रोजी बर्लिनवरील हल्ल्यात अमेरिकेने ६९ बॉम्बफेकी विमाने गमावली. हा आकडा श्वाइनफुर्टपेक्षाही मोठा. तथापि या वेळी ती हानी भरून निघाली. गालांडने वरिष्ठांना कळविले की, वर्षाच्या पहिल्या चार महिन्यांत दिवसा लढणाऱ्या दलाने एक हजाराहून अधिक वैमानिक गमावले आहेत आणि त्यांत तुकड्यांचे उत्तमोत्तम नायक आहेत. विमानांचा तुटवडा नव्हता. सप्टेंबर १९४४ मध्ये सुमारे ३,००० लढाऊ विमाने तयार झाली. त्यांत बसावयास अनुभवी माणसे नव्हती आणि नवशिक्यांना शिकविण्यास इंधन नव्हते. युद्धोत्तर अमेरिकन सर्वेक्षणानुसार कृत्रिम इंधनाच्या कारखान्यांतील विमान-इंधनाचे उत्पादन एप्रिलमधील १,७५,००० टनांवरून सप्टेंबरमध्ये अवघ्या ५,००० टनांवर आले होते.

अशा स्थितीत गालांडने अस्सल पटावरची वाटावी अशी एक योजना आखली. दररोज थोडी थोडी विमाने खर्ची घालण्याऐवजी ती राखून ठेवावीत, एका अनुकूल दिवशी दोन हजारांहून अधिक विमाने एकदम उतरवावीत आणि चार-पाचशे बॉम्बफेकी विमाने पाडून शत्रूस हबकवून सोडावे. युद्ध जिंकता येणार नाही, हे त्यात गृहीतच होते. ती यशस्वी झाली असती का, याविषयी शंका घेण्यास भरपूर जागा आहे. पण जमविलेले बळ आर्देनच्या आक्रमणाकडे वळविले गेले. १ जानेवारी १९४५ रोजी मित्रराष्ट्रांच्या विमानतळांवर पहाटे छापा घालण्यात आला. जमिनीवर उभी असलेली शेकडो विमाने नष्ट झाली, परंतु मित्रराष्ट्रांचे वैमानिक बहुतांशी सुरक्षित राहिले. जर्मनांनी मात्र दोनशेहून अधिक वैमानिक गमावले. त्याच महिन्यात गालांड पदच्युत झाला आणि त्याच्या बाजूने गोरिंगपुढे उभ्या राहिलेल्या ग्युंथर ल्युत्सोवची इटलीत रवानगी झाली.

साधनांविषयी :
या घटनांचे प्रचलित चित्र बरेचसे गालांडच्या १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनावर उभे आहे. त्यात दोष हिटलर व गोरिंग यांच्याकडे जातो आणि सेनापती शहाणा पण असहाय ठरतो. ही मांडणी तपासून घेणे आवश्यक आहे. मेसरश्मिट २६२ या जेट विमानास झालेला विलंब हिटलरच्या हट्टामुळे झाला, असे दीर्घकाळ मानले गेले. परंतु उष्णतारोधक धातूंच्या अभावी इंजिनच वेळेवर सिद्ध होऊ शकले नव्हते. पराभूत सेनापतीची साक्ष मौल्यवान असली, तरी ती स्वतःच्या बचावाची साक्ष असते.

याच जेट विमानांची एक छोटी तुकडी गालांडला अखेरीस देण्यात आली. २६ एप्रिल १९४५ रोजी तो जखमी झाला आणि त्याचे युद्ध संपले. खेळाच्या पडद्यावर हे विमान तयार स्थितीत धावपट्टीवरच उभे असते. त्याचे सांगाडे ऑस्ट्रियातील गुझेन येथील छळछावणीच्या कैद्यांकडून डोंगराच्या पोटात खोदलेल्या बोगद्यांत बनवून घेतले जात आणि त्या बोगद्यांच्या कामात हजारो कैदी मरण पावले.